फॅक्टरीतला इयरमफ घरात, ऑफिसात, सराफ्यात आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये: आठ-नऊ महिने वापरून लिहितेय

आधीच सांगून टाकते, हा गाणी ऐकायच्या हेडफोनचा रिव्ह्यू नाहीये. याला वायर नाही, ब्लूटूथ नाही, बटन नाही, चार्जिंग नाही. ड्रिल मशीनवर काम करणारे लोक कानावर घालतात ना, दोन मोठ्या वाट्या आणि वरून एक पट्टी, तो इयरमफ. जानेवारीत इंदूरच्या सियागंजमधल्या एका सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानातून दोन घेतले, एक माझ्यासाठी साडेअकराशेला आणि एक लहान साइझचा भाच्यासाठी सातशेला. आता गणपती पण होऊन गेले, रोजचा वापर आहे, सगळे ऋतू सगळे सण बघून झाले त्याचे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

दुकानात गेले तेव्हा चारी बाजूंना हेल्मेट, गमबूट, वेल्डिंगचे चष्मे, नारिंगी जाकिटं टांगलेली. काउंटरवरच्या भियांनी विचारलं, "कौन सी फैक्ट्री से हो मैडम? बिल किसके नाम का बनाऊं?" म्हटलं घरासाठीच हवंय. "घर में कौन सी मशीन लगी है?" आता काय सांगू, म्हटलं मिक्सर. ते खो खो हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी अजिबात गंमत करत नव्हते.

मी ऑटिस्टिक आहे. वय 36, अकाउंट्समध्ये नोकरी, रामबागेत आईबाबांबरोबर राहते. माझं निदान 33 व्या वर्षी झालं आणि तेही भाच्याच्या मागून. ताईचा सोनू चार वर्षांचा असताना त्याला दाखवायला नेलं होतं, तिथे विचारलेल्या प्रश्नांची यादी ताई घरी येऊन आईला वाचून दाखवत होती, आणि आई प्रत्येक प्रश्नाला म्हणतेय "अगं यात काय, हे तर हिचंही होतं, फुगा फुटला की पलंगाखाली जाऊन बसायची, टाळ्या वाजल्या की रडायची". अर्धी यादी झाल्यावर आम्ही तिघीही गप्प. मग सहा महिन्यांनी मीही त्याच खुर्चीत जाऊन बसले.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात आणि मला तो शब्द अजिबात आवडत नाही. शब्द बनवणाऱ्यांचा दोष नाही म्हणा, मुळात 1911 मध्ये ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने ग्रीक ऑटोस म्हणजे 'स्वतः' यावरून ऑटिझम शब्द काढला, आपण त्याचं सरळ मराठी केलं. पण स्वमग्न म्हटलं की डोळ्यासमोर येतं की बाई स्वतःतच बुडालीये, बाहेरचं काही ऐकूच येत नाहीये. अहो माझी अडचण नेमकी उलटी आहे! मला सगळं ऐकू येतं. शेजारच्यांचा फ्रीज चालू झालेला कळतो. ट्यूबलाइटची घूं घूं ऐकू येते. चार लोक बोलत असले तर चौघांचं एकदम, वर पंखा, वर रस्त्यावरचा हॉर्न, आणि कुठलं पुढे ठेवायचं कुठलं मागे ढकलायचं हे काम मेंदू करतच नाही. याच्यापेक्षा न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा शब्द बघा, टाकिवाटांगा, साधारण अर्थ 'आपापल्या वेळेत, आपापल्या जागेत'. 2017 मध्ये केरी ओपाई या भाषेच्या जाणकारांनी तो केला. किती साधा शब्द आहे आणि त्यात कुणाला नावं ठेवलेली नाहीत. मराठीत कोणीतरी असं काहीतरी काढा हो.

असो, प्रॉडक्टकडे येते.

वाट्या प्लास्टिकच्या, आत स्पंज, कडेला मऊ फुगीर गादी. पट्टी स्टीलची, वरून रेग्झिनसारखं कव्हर. बॉक्सवर ईएन 352 हे युरोपचं स्टँडर्ड आणि 30 डेसिबल असं छापलंय. डेसिबलचं गणित सरळ नसतं, 10 डेसिबल कमी झाले की आवाजाची ताकद एक दशांश होते आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. मिक्सर 85-90 च्या घरात असतो, म्हणजे कागदावर तरी तो कोणी शांतपणे बोलतंय इतका खाली यायला पाहिजे. लॅबमधला आकडा आणि घरातला आकडा यात फरक पडतोच, पण मिक्सरच्या बाबतीत मी म्हणेन की पैसे पहिल्याच दिवशी वसूल. आई शेंगदाण्याचं कूट करत होती, मी ओट्याजवळ उभी होते, कोथिंबीर निवडत होते. हे वाक्य तुम्हाला काहीच वाटणार नाही. माझ्या घरात गेली तीस वर्षं मिक्सर लावायच्या आधी आई ओरडून सांगायची "लावतेय गं!" आणि मी गच्चीत जायची, पाऊस असला तरी. त्या दिवशी आईने सवयीने ओरडून सांगितलं, लावला, मागे वळून बघितलं तर मी तिथेच. ती काही बोलली नाही, नुसतं दुसऱ्यांदा भांडं भरलं, आमच्याकडे एका वेळी एवढं कूट कधीच करत नाहीत.

कुकरची शिट्टी, स्टीलची ताटं एकावर एक पडणं, चमचा सिंकमध्ये पडणं, हे जे टोकदार आवाज आहेत ते हा मफ झकास अडवतो. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते (आमचं शहर स्वच्छतेत नंबर वन म्हणतात ना, त्याची किंमत सकाळी साडेसातला कानांनी भरायची) ते गाणं लांबच्या गल्लीत वाजल्यासारखं होतं. शेजारच्या बांधकामाचं टाइल कटर, अगदी चालण्यासारखं. पण ढोल नाही. डीजेचा धबधब नाही. खालच्या पट्टीतले आवाज मफ कमी अडवतो आणि शिवाय ते नुसते कानातून येत नाहीत, छातीतून येतात, जमिनीतून पायात येतात. वरातीत कोणी घालून जाणार असाल तर ही अपेक्षा ठेवू नका.

भाओजींचा महागडा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पण पंधरा दिवस मागून वापरला, तुलना करायची म्हणून. त्याचं बरोबर उलटं. एसीची घरघर, बसचं इंजिन, पंखा, असे एकसारखे चालणारे आवाज तो गायब करतो, जादूच, कारण तो येणाऱ्या आवाजाच्या उलटी लहर सोडतो, पण त्यासाठी आवाज जरा स्थिर पाहिजे. ताट पडलं की तो बिचारा काही करू शकत नाही. आणि बॅटरी संपली की संपलं. ते पिवळे स्पंजचे इयरप्लग पण वापरून झालेत, दहा-वीस रुपयाला जोडी, आवाज चांगला अडवतात पण मग स्वतःचं गिळणं, चावणं, श्वास सगळं डोक्यात घुमतं, चिवडा खाताना तर कुणी रेती चाळतंय असं वाटतं. ज्यांना कानात काही घातलेलं सहन होत नाही, आणि आमच्यात असे पुष्कळ, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आता तक्रारी. चष्मा. माझ्या चष्म्याची काडी जाड आहे, ती गादीच्या खालून जाते, तिथे फट पडते आणि आवाज आत येतो, शिवाय तासाभराने कानामागे ठणका लागतो. पातळ तारेच्या काड्यांचा चष्मा करून घेतला तेव्हा कुठे जमलं, म्हणजे साडेअकराशेचा मफ मला एकूण तीन हजाराला पडला म्हणा. मोत्याच्या कुड्या घालून हा घालता येत नाही, मागची फिरकी मानेत टोचते, हळदीकुंकवाला जायचं तर कुड्या किंवा मफ यातलं एक निवडा. केस वर बांधले असतील तर पट्टी बसत नाही, खाली अंबाडा घाला. आणि इंदूरचा मे महिना! बेचाळीस डिग्रीत कानावर दोन गाद्या. घाम येतो, गादी चिकटते, दुपारनंतर वास यायला लागतो. मी जुन्या मलमलच्या साडीचे गोल तुकडे कापून कडेला रबर घालून टोप्या शिवल्या, दर दोन दिवसांनी धुते, आवाज किंचित जास्त येतो पण सहन होतो. पट्टीचा दाब नवीन असताना फार होता, दोन रात्री तांदळाच्या डब्यावर ताणून ठेवला, सैल झाला. एवढं तरी कंपनीला कळायला पाहिजे की सगळ्यांची डोकी सहा फुटी मिस्त्रीची नसतात.

सोनूसाठी आधी एक ऑनलाइन मागवला होता, त्याचा राग अजून गेलेला नाही. पानावर मोठ्या अक्षरात ऑटिझम स्पेशल, निळा रंग, वाटीवर जिगसॉ कोड्याचा तुकडा छापलेला, आणि किंमत दुप्पट. आला तर पट्टी तिसऱ्या आठवड्यात तुटली. तो कोड्याचा तुकडा तुम्ही सगळीकडे बघता ना, तो 1963 मध्ये लंडनच्या पालकांच्या संस्थेने घेतला होता, मुलं म्हणजे न सुटलेलं कोडं अशा अर्थाने, आणि सुरुवातीच्या चित्रात आत एक रडणारं मूल पण होतं. आमच्यातल्या कित्येकांना तो तुकडा बघितला की चीड येते, कारण आम्ही अर्धवट नाही आणि कुणाच्या खोक्यातून हरवलेलो पण नाही. लोक हल्ली त्याऐवजी अनंताचं चिन्ह वापरतात, आडवा आठ, सात रंगात. फॅक्टरीवाल्या मफवर कसलंच चित्र नाही, साधा काळा, म्हणूनही मला तो बरा वाटतो.

एक गोष्ट वाचली तेव्हा मी तास दीड तास नुसती बसून होते. 1943 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी अकरा मुलांबद्दल जो पहिला मोठा लेख लिहिला त्यातच ही मुलं कशाकशाला घाबरतात ते लिहिलंय, व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, गॅसची शेगडी, अंडी फेटायचं यंत्र, आणि वारासुद्धा. अंडी फेटायचं यंत्र म्हणजे आमचा मिक्सरच की! पहिल्याच लेखात आहे. आणि डॉक्टर ज्या अमेरिकन पुस्तकाचे निकष लावतात त्यात आवाज-उजेड-स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं हा स्वतःचा मुद्दा म्हणून कधी आला, तर 2013 मध्ये. सत्तर वर्षं. मधल्या काळात आईला दोष देऊन झाला, मायेचा ओलावा नसलेली आई म्हणून मूल असं झालं असं मोठमोठे लोक सांगत होते, आणि इकडे ऑटिस्टिक लोक स्वतः सांगत होते की अहो, आवाजाने दुखतं. दुखतं म्हणजे खरंच दुखतं, दात दुखतो तसं. टेंपल ग्रँडिन यांनी शाळेच्या वयातच गुरांना धरून ठेवायच्या चौकटीवरून स्वतःसाठी अंग दाबून धरणारं लाकडी यंत्र बनवलं होतं, शांत वाटायचं म्हणून, आणि ते काढून टाकावं म्हणून मोठी माणसं मागे लागली होती. मला सियागंजच्या त्या दुकानात उभी असताना त्यांचीच आठवण झाली. ज्याचं त्याला कळतं काय हवंय, दुकान मात्र भलतंच असतं.

आता रंगपंचमी. इंदूरच्या बाहेरच्यांना सांगायचं तर आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, होळकरांच्या काळापासून राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकर, मशीनने रंग चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत उडवतात, आकाश गुलाबी पिवळं होतं आणि ढोल, डीजे, लाखो लोक. सोनूला रंग उडताना बघायला प्रचंड आवडतं, मोबाइलवर तोच व्हिडिओ शंभर वेळा बघतो, पण आवाज बंद करून. गेल्या वर्षी आत्याच्या ओळखीच्यांच्या गच्चीवर नेलं होतं तर पाच मिनिटांत त्याने स्वतःच्या हाताला चावून घेतलं, ताई रडत घरी. लोक म्हणाले कशाला आणता अशा मुलांना.

यावर्षी मफ घालून नेलं, शिवाय त्याच्या टॅबमध्ये आवाज नावाचं ॲप आहे, चेन्नईत बनलेलं, चित्रावर बोट ठेवलं की ते शब्द बोलतं. (आवाज बंद करायला मफ आणि बोलायला आवाज, हा विनोद आमच्या घरात रोज होतो, तुम्हालाही ऐकवला.) टॅब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, रंगापासून. ताईने आधीच ठरवलं होतं, त्याने 'घरी' दाबलं की एक शब्द न बोलता उठायचं, अजून पाच मिनिटं नाही, ते बघ काय येतंय नाही, काही नाही. चाळीस मिनिटं बसला. कठड्याच्या जाळीतून खाली बघत, हात पंखासारखे हलवत, तो खूश असला की असं करतो. मग सर्वात मोठा टँकर राजवाड्यासमोर येणार तेवढ्यात त्याने 'घरी' दाबलं. सगळे म्हणाले अरे आता तर खरी मजा! ताई उठली. मीही उठले. जिन्यात त्याने माझा मफ माझ्या कानावर नीट बसवून दिला, डावी वाटी सरकली होती. तो सहसा कुणाला हात लावत नाही.

माझ्यासाठी त्या दिवशी मफची परीक्षा झाली आणि निकाल असा की मफने तीस टक्के काम केलं आणि 'घरी' म्हटल्यावर उठणाऱ्या ताईने सत्तर. आकडे माझे आहेत, लॅबचे नाहीत.

आमच्या मावशीला माझं निदान कळलं तेव्हा ती फोनवर रडली, "चांगली शिकलेली मुलगी गं". मी तिला तेव्हा काही बोलू शकले नाही. नंतर कळलं की हेच उत्तर कोणीतरी फार पूर्वी देऊन ठेवलंय. जिम सिंक्लेअर स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी 1993 मध्ये टोरँटोच्या परिषदेत पालकांसाठी जे मांडलं त्याचा अर्थ असा की तुमच्या मनातलं मूल आलं नाही याचं दुःख तुमचं आहे, ते करा, पण ते आमच्या डोक्यावर बसून करू नका, आम्ही मेलेलो नाही, इथे समोर आहोत. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आणि आणखी काही जणांनी मिळून ऑटिस्टिक लोकांनी चालवलेली संस्था काढली होती, आणि 1996 पासून ऑट्रीट नावाचं शिबिर भरवायला लागले, ऑटिस्टिक लोकांनी ऑटिस्टिक लोकांसाठी चालवलेलं. अशा मेळाव्यांमधून ती रंगीत बॅजची पद्धत आली. हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही या. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी या. लाल म्हणजे आत्ता कोणीच नको. नंतर 2006 मध्ये अमेरिकेत ऑटिस्टिक लोकांचीच आणखी एक मोठी संस्था उभी राहिली, ती बॅज वापरते, आणि तिचं ब्रीद म्हणजे आमच्याबद्दल काहीही आमच्याशिवाय नाही.

तर मी काय केलं, मफच्या पट्टीवर टिकल्या लावल्या. आईच्या टिकल्यांच्या पाकिटातून, मोठ्या साइझच्या. उजवीकडे हिरवी, मध्ये पिवळी, डावीकडे लाल, आणि जी लागू नाही ती झाकायला कपड्याची क्लिप. ऑफिसात पहिल्या दिवशी कुणाला कळलं नाही, एकीने विचारलं नजर लागू नये म्हणून लावलीये का. आमचे मॅनेजर मफकडे बघून म्हणाले होते की क्लायंट आला तर कसं दिसेल, आणि मागे कुणाला तरी म्हणाले ॲटिट्यूड आहे तिला. कागदावर सगळं लिहून टेबलाला चिकटवलं तरी लोक लाल टिकली असताना येऊन खांद्यावर टकटक करतात आणि मोठ्याने विचारतात "गाणी कोणती ऐकतेय?" ज्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळलं ते म्हणजे चहा देणारे आमचे प्यून काका. लाल असली की कप ठेवून निघून जातात, हिरवी असली की थांबतात आणि त्यांच्या नातीचा फोटो दाखवतात. काका आठवी शिकलेत.

शेवटी मेल लिहिला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे आपल्याकडे, आधीच्या 1995 च्या यादीत सात प्रकार होते आणि ऑटिझम नव्हता, नवीन यादीत एकवीस आहेत आणि त्यात आहे. त्यात रिझनेबल अकॉमोडेशन असा शब्द आहे, म्हणजे काम तेच, माणूस तोच, फक्त बसायची व्यवस्था, पद्धत त्याला झेपेल अशी जरा बदलायची. मी मागितलं काय, तर प्रिंटरपासून लांबचं टेबल, आणि तोंडी सांगितलेलं काम दोन ओळीत लिहून. सहा आठवडे उत्तर नाही, मग एक दिवस टेबल हललं. दोन ओळी अजून येत नाहीत. पण मार्च एंडला माझ्या लेजरमध्ये एकही चूक निघाली नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितेय.

मफबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार मफची नाहीये. आमच्या भागातलं एक मोठं किराणा-सुपर स्टोअर आहे, दिवसभर वरून गाणी, मध्येच ऑफरची अनाउन्समेंट, बिलिंगचे सहा बीप. मी तिथल्या मॅनेजरना जाऊन नीट सांगितलं की आठवड्यातून एक तास, सकाळी गर्दी नसताना, गाणी बंद ठेवता का. ब्रिटनमध्ये मॉरिसन्स नावाच्या दुकानांनी 2018 मध्ये सुरू केलं होतं, शनिवारी सकाळी 9 ते 10, गाणी बंद, बीप हळू, दिवे मंद, ट्रॉल्यांची आदळआपट कमी. मी त्याचा प्रिंटआउट नेला होता. त्यांनी माझ्या गळ्यात लटकलेल्या मफकडे बोट दाखवलं, "ये है ना आपके पास मैडम, लगा लिया करो." म्हणजे मफ घेतला म्हणून आता आवाज कमी करायची जबाबदारी कुणाचीच नाही, माझी एकटीची! हे म्हणजे रस्त्यात खड्डा आहे तर तुम्ही उंच उडी मारायला शिका. मी आता कोपऱ्यावरच्या साध्या किराणावाल्याकडून सामान घेते, यादी व्हॉट्सॲपवर पाठवली की तो बांधून ठेवतो आणि बोलत पण नाही.

लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 पासून हिरव्या पट्टीवर सूर्यफुलं असलेला गळ्यातला पट्टा देतात, तो बघितला की कर्मचाऱ्यांनी समजून घ्यायचं की या माणसाची अडचण वरून दिसत नाही, जरा जास्त वेळ द्या. आता ती पट्टी जगभर गेलीये. बॅग तपासणारा माणूस ओरडत नाही म्हणे. मी अजून वापरलेली नाही, माझ्या टिकल्या मला पुरतात.

सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊच्या बाजारात पण गेले, अकरा वर्षांनी. रात्री साडेदहाला, मंगळवार, गर्दी त्यातल्या त्यात कमी. तव्यावर झाऱ्याची खणखण हा माझा जुना शत्रू, तो मफने पूर्ण गार केला. भुट्ट्याचा कीस खाल्ला, दोन प्लेट. भाव बोटांनी विचारला. पण धक्के, तुपाचा वास, प्रत्येक गाडीवरचे पांढरे एलइडी, यावर मफ काय करणार, पन्नास मिनिटांनी डोकं भरलं आणि परत आले. तरी पन्नास मिनिटं!

ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. कानाच्या ऑडिओलॉजिस्टना दाखवून घ्या आधी, आणि दिवसभर घालून बसू नका. मला त्यांनी नीट समजावलं की सतत शांततेत राहिलं तर कानामागचा मेंदूचा भाग स्वतःच आवाज वाढवून घेतो आणि मग साधा आवाजही जास्त टोचायला लागतो. एप्रिलमध्ये माझं हेच झालं होतं, मफ काढला की घड्याळाची टिकटिक सहन होईना. आता नियम केलाय, मिक्सर, कुकर, प्रिंटर, बाजार, सण एवढ्यालाच, घरी शांत असताना खुंटीवर. रस्त्यावर गाडी चालवताना अजिबात नाही. आणि हा सगळ्यांसाठी आहे असंही नाही, आमच्यात काहींना आवाज कमीच जाणवतो, ते उलट आवाज शोधत असतात. सोनूचंच बघा, दुसऱ्याने देवळातली घंटा वाजवली की कान झाकतो आणि स्वतः मात्र वीस वेळा वाजवतो. कधी वाजणार हे त्याला माहीत असतं ना, एवढाच फरक.

बाबा मला अजून "ट्रंक कॉल लागला का?" म्हणतात मफ घातला की. यंदा गणपतीच्या आरतीला झांजा वाजायच्या आधी त्यांनीच तो खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला, आणि झांजा स्वतःकडे घेतल्या, त्यांना जरा हळू वाजवता येतात म्हणून.

5 पैकी 4 देते. एक स्टार चष्म्याचा आणि घामाचा कापला. गाद्यांचा सुटा सेट अडीचशेला मिळतो, सहा महिन्यांनी बदला, कडक झाल्या की आवाज गळतो. लहान साइझ दुकानात मागावी लागते, बाहेर लावलेली नसते, भियांना सरळ सांगा मिक्सरसाठी हवाय, आता हसत नाहीत. रविवारी बंद असतं.